कारखान्यांसाठी लवचीक वायू-परवाना पद्धती : अमेरिकेतील अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

हवेच्या प्रदूषणाचे नियंत्रण म्हटले की सामान्यतः धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराची मर्यादा आणि ती मोडल्यास होणारी शिक्षा या दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात मात्र औद्योगिक देशांतील नियंत्रणाचा मोठा भाग शिक्षेपेक्षा परवान्यावर उभा आहे. कारखान्याने कोणती यंत्रे चालवावीत, कोणते इंधन जाळावे, कोणते द्रावक वापरावे आणि यांपैकी काही बदलायचे झाल्यास कोणाची परवानगी घ्यावी, हे सारे परवान्यात नमूद असते. उत्पादनाचे तंत्र दर चार-दोन महिन्यांनी बदलणाऱ्या उद्योगांना ही रचना जाचक वाटू लागली, तेव्हा अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात ‘लवचीक परवाना’ ही कल्पना पुढे आली. प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र बंधन घालण्याऐवजी संपूर्ण कारखान्यावर एक एकत्रित मर्यादा घालावी आणि त्या मर्यादेच्या आत बदल करण्याचे स्वातंत्र्य व्यवस्थापनास द्यावे, असा या कल्पनेचा गाभा आहे. कल्पना वरकरणी सरळ दिसते. तथापि ती मर्यादा किती उंचीवर ठेवायची, ती पाळली जाते हे कोणी व कसे मोजायचे आणि कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या नागरिकाला बदलाची वार्ता कधी कळायची, या तीन प्रश्नांवर गेली सुमारे तीस वर्षे वाद चालू आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप आणि तिच्याविषयीचे वाद यांचे विवेचन केले आहे.

परवाना पद्धतीची पार्श्वभूमी

अमेरिकेचा स्वच्छ हवा अधिनियम आधुनिक स्वरूपात १९७० साली संमत झाला. १९७७ च्या दुरुस्तीने त्यात ‘नवस्रोत पुनरावलोकन’ ही तरतूद आली. मोठा कारखाना नव्याने उभारताना, किंवा जुन्या कारखान्यात मोठा फेरबदल करताना, बांधकाम सुरू होण्यापूर्वीच परवानगी घेणे तिने बंधनकारक केले. जेथील हवा राष्ट्रीय मानकांपेक्षा स्वच्छ आहे तेथे ‘उपलब्ध सर्वोत्तम नियंत्रण तंत्र’ बसवावे लागते. जेथील हवा मानकांपर्यंत पोहोचलेली नाही तेथे नियम आणखी कडक असून नव्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे घट करून दाखवावी लागते.

जुन्या कारखान्यांना त्या वेळी सूट मिळाली होती. परंतु त्यांनी ‘फेरबदल’ केला की ती सूट संपते, अशी योजना होती. त्यामुळे ‘फेरबदल’ कशास म्हणावे हा या कायद्यातील सर्वांत महागडा प्रश्न ठरला. मोठ्या स्रोतात बदल झाल्याने वार्षिक उत्सर्जनात ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक वाढ झाली तर तो मोठा फेरबदल समजला जातो. हे प्रमाण सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांसाठी सामान्यतः वर्षाला ४० टन, तर कार्बन मोनॉक्साइडसाठी १०० टन आहे. (हा टन अमेरिकी म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा होय.)

१९९० च्या दुरुस्तीने आणखी एक थर चढविला. अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणान्वये प्रत्येक मोठ्या स्रोताला ‘चालन परवाना’ आवश्यक झाला. त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि कारखान्यास लागू होणारी सर्व बंधने त्या एकाच दस्तऐवजात एकत्र केलेली असतात. या परवान्यात महत्त्वाची दुरुस्ती करावयाची झाल्यास मसुदा जनतेपुढे ३० दिवस ठेवावा लागतो, संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेला ४५ दिवसांचा आक्षेप-कालावधी मिळतो आणि त्यानंतर ६० दिवसांत कोणताही संबंधित नागरिक त्या संस्थेकडे अर्ज करू शकतो. बांधकामपूर्व परवान्यासाठी तर अर्ज परिपूर्ण ठरल्यापासून निर्णयास एक वर्षापर्यंतचा अवधी कायद्यानेच दिला आहे.

सिमेंटच्या भट्टीला किंवा पोलाद कारखान्याला या कालावधीचे फारसे काही वाटत नाही. तेथील यंत्रे वीस-तीस वर्षे तीच असतात. परंतु अर्धवाहक चकत्या, औषधे, चिकटपट्ट्या, मोटारींचे रंगकाम अशा उद्योगांत रसायनांचे मिश्रण वारंवार बदलते. एखादे द्रावक बदलल्याने उत्सर्जन प्रत्यक्षात घटत असले तरी परवान्यात जुन्या द्रावकाचे नाव लिहिलेले असल्यास तो बदल कागदावर थांबून राहतो. प्रदूषण घटविणारा बदलही प्रदूषण नियंत्रणाच्या नियमामुळे रखडावा, ही विसंगती लवचीक पद्धतीच्या समर्थकांनी प्रथमपासून पुढे मांडली आणि तीत तथ्य होते, हे विरोधकांनाही नाकारता आले नाही.

‘बुडबुड्या’ची कल्पना आणि न्यायालये

संपूर्ण कारखाना हाच एक स्रोत मानावा, ही कल्पना १९९० नंतर अचानक जन्मली नाही. १९७० च्या दशकातच तिला ‘बुडबुडा’ असे नाव पडले होते. कारखान्यावर एक काल्पनिक काचेचा बुडबुडा ठेवला आहे आणि त्याला वर एकच छिद्र आहे असे समजावे. आत कोणते धुराडे किती सोडते याच्याशी कर्तव्य नाही, छिद्रातून एकूण किती बाहेर पडते एवढेच मोजावे, असे हे रूपक. संघीय संस्थेने १९७९ मध्ये याविषयी धोरण जाहीर केले. १९८१ मध्ये तिने मानकांपर्यंत न पोहोचलेल्या प्रदेशांतही राज्यांना ‘स्थिर स्रोत’ या शब्दाचा अर्थ ‘संपूर्ण कारखाना’ असा घेण्यास मुभा दिली. एका यंत्राचे उत्सर्जन वाढले पण दुसऱ्याचे तेवढेच घटले तर फेरबदल झालाच नाही, असा त्याचा व्यावहारिक परिणाम होता.

पर्यावरणवादी संघटनांनी यास आव्हान दिले. कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तो न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८४ मध्ये तो फिरविला. कायद्यातील शब्द संदिग्ध असेल आणि प्रशासनाने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाने तो मान्य करावा, हे तत्त्व त्या निकालात मांडले गेले. हाच सुप्रसिद्ध ‘शेव्हरॉन’ खटला. विधीच्या अभ्यासकांना हे तत्त्व परिचित असते. पण ते तत्त्व ज्या वस्तुस्थितीतून निघाले ती कारखान्याच्या परवान्यातील लवचीकतेची होती, याचा सहसा विसर पडतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केले. त्या निकालात स्वतंत्र सहमतीचे मत लिहिणारे न्या. नील गोरसच हे १९८१ चा नियम करणाऱ्या संस्थेच्या तत्कालीन प्रमुख अॅन गोरसच यांचे पुत्र होत, हा योगायोगही नोंदण्यासारखा आहे. मात्र तत्त्व रद्द करताना न्यायालयाने जुने निकाल उलथविले नाहीत. स्वच्छ हवा अधिनियमाविषयीचा १९८४ चा विशिष्ट निर्णय कायम असल्याचे त्याने स्पष्टपणे म्हटले.

प्रायोगिक परवाने

१९९० च्या दशकात संघीय संस्थेने आणि काही राज्यांनी निवडक कारखान्यांना प्रायोगिक तत्त्वावर लवचीक परवाने दिले. ओरेगन राज्यातील अलोहा येथील इंटेल, मिनेसोटातील सेंट पॉल येथील थ्री-एम, टेनेसीतील स्प्रिंग हिल येथील सॅटर्न मोटार कारखाना, ओक्लाहोमातील वेदरफर्ड येथील इमेशन हे त्यांपैकी काही. १९९५ मध्ये क्लिंटन प्रशासनाने ‘प्रोजेक्ट एक्सएल’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. नेहमीच्या नियमांपेक्षा सरस पर्यावरणीय कामगिरी करून दाखविणाऱ्या उद्योगास नियमांत सवलत द्यावी, असे त्याचे सूत्र होते.

या कार्यक्रमातील तीन उदाहरणे उद्बोधक आहेत. अॅरिझोनातील चँडलर येथे इंटेलशी १९९६ मध्ये करार झाला. संपूर्ण परिसराच्या उत्सर्जनावर मर्यादा घालून त्याच मर्यादेत पुढील उत्पादन-शाळा उभारण्याची मुभा कंपनीस देण्यात आली. घातक वायूंची एकत्रित बेरीज केल्यास कमी विषारी वायूच्या जागी अधिक विषारी वायू सोडता येईल, असा आक्षेप नागरिक-गटांनी घेतला. त्यावर उपाय म्हणून कारखान्याच्या हद्दीवर राज्याच्या आरोग्याधिष्ठित मार्गदर्शक पातळ्या पाळण्याची आणि अहवाल जनतेस खुले ठेवण्याची जबाबदारी कंपनीने स्वीकारली.

दुसरे उदाहरण फसलेल्या कराराचे आहे. मिनेसोटातील हचिन्सन येथील थ्री-एमच्या प्रकल्पाबाबतची बोलणी १९९६ मध्येच मोडली. ‘सरस कामगिरी’ म्हणजे कशापेक्षा सरस? कंपनी स्वेच्छेने आधीच करीत असलेल्या नियंत्रणापेक्षा, की कायद्याने तिला भाग पाडले असते त्यापेक्षा? या प्रश्नाचे उभयपक्षी मान्य उत्तर निघाले नाही.

तिसरे उदाहरण या साऱ्या चर्चेत सर्वांत नेमके म्हणता येईल. व्हर्जिनियातील एल्कटन येथे मर्क कंपनीचा औषधनिर्मितीचा कारखाना आहे आणि त्याच्या शेजारीच शेनँडोआ राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानातील दृश्यमानता आणि आम्लवर्षाव हा तेथील चिंतेचा विषय होता. १९९७ च्या करारानुसार कंपनीने आपल्या बॉयलरांतील कोळसा बंद करून नैसर्गिक वायू वापरण्याचे मान्य केले. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइडे आणि सूक्ष्म कणरूप पदार्थ यांच्या एकत्रित उत्सर्जनाची मर्यादा पूर्वीच्या प्रत्यक्ष पातळीपेक्षा २० टक्के खाली बांधण्यात आली. तिच्या आत उत्पादनात हवा तसा बदल करण्यास पुन्हा परवानगी लागणार नव्हती. शिवाय उत्सर्जन मर्यादेच्या जितके जवळ जाईल तितकी मोजणी व अहवालाची बंधने कडक होतील, अशी पायऱ्यांची रचना त्यात होती. मर्यादेपासून दूर राहण्यात कंपनीचाच लाभ असावा, ही यामागील युक्ती. या करारात लवचीकतेची किंमत आधी चुकती झाली होती. स्वातंत्र्य मागाहून मिळाले. पुढील सर्वसाधारण नियमांत नेमका हाच क्रम सैल झाला.

संयंत्रव्यापी मर्यादा : मर्यादेच्या उंचीचा प्रश्न

३१ डिसेंबर २००२ रोजी संघीय संस्थेने नवस्रोत पुनरावलोकनाच्या नियमांत व्यापक सुधारणा प्रसिद्ध केल्या. ‘संयंत्रव्यापी मर्यादा’ ही त्यांतील एक तरतूद होय. जुना कारखाना एखाद्या प्रदूषकासाठी अशी मर्यादा स्वीकारू शकतो. तिची मुदत दहा वर्षे असते. त्या काळात एकूण उत्सर्जन मर्यादेखाली राहिले तर कोणताही बदल त्या प्रदूषकापुरता ‘मोठा फेरबदल’ समजला जात नाही.

मर्यादेची उंची अशी ठरते. मागील दहा वर्षांतील सलग २४ महिन्यांचा कोणताही कालखंड कारखान्याने निवडायचा. त्या काळातील प्रत्यक्ष उत्सर्जनाची वार्षिक सरासरी काढायची. आणि तीत त्या प्रदूषकाचे ‘लक्षणीय वाढी’चे प्रमाण मिळवायचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्याच्या रंगकाम विभागातून निवडलेल्या दोन वर्षांत सरासरी ३१० टन बाष्पनशील संयुगे बाहेर पडली. त्यात ४० मिळविल्यास मर्यादा ३५० टन होते. पण समजा ती दोन वर्षे तेजीची होती आणि अलीकडच्या दोन वर्षांत मागणी घटल्याने उत्सर्जन २२० टनांवर आले आहे. मग कागदावर काहीही न वाढविता कारखान्याला आजच्या पातळीवरून १३० टनांची वाढ करण्याचा मार्ग मोकळा होतो. जुन्या पद्धतीत अशा वाढीपैकी फेरबदलामुळे होणारा भाग पुनरावलोकनाच्या कक्षेत आला असता.

विरोधकांचा मुख्य आक्षेप येथेच आहे. समर्थकांचे उत्तर असे की, मंदीच्या वर्षांवरून मर्यादा बांधली तर अर्थव्यवस्था सावरताच प्रत्येक कारखाना नियमभंग करणारा ठरेल. दोन्ही म्हणण्यांत सत्यांश आहे. मात्र एक गोष्ट उघड आहे की, मागील काळ निवडण्याचा अधिकार कारखान्याकडे असल्याने निवड नेहमी वरच्या दिशेनेच होणार. नियमकर्त्यांनी यास एक लगाम ठेवला आहे : निवडलेल्या कालखंडानंतर कायमची बंद पडलेली यंत्रे आणि नंतर लागू झालेली कडक बंधने यांचा विचार करून आकडा खाली आणावा लागतो. न्यूयॉर्क आणि अन्य राज्यांनी २००२ च्या नियमांना न्यायालयात आव्हान दिले. अपील न्यायालयाने २००५ मध्ये दहा वर्षे मागे पाहण्याची तरतूद उचलून धरली. त्याच नियमावलीतील ‘स्वच्छ घटक’ व ‘प्रदूषण-नियंत्रण प्रकल्प’ या दोन सवलती मात्र बेकायदा ठरविल्या. संयंत्रव्यापी मर्यादेची तरतूद टिकून राहिली.

दहा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा नियमही विचार करण्याजोगा आहे. त्या वेळचे आधारभूत उत्सर्जन लक्षणीय वाढीच्या प्रमाणासह जुन्या मर्यादेच्या ८० टक्के किंवा अधिक भरले, तर मर्यादा होती तेवढीच ठेवता येते. त्याहून कमी भरले, तर परवाना-अधिकारी ती खाली आणू शकतो. म्हणजे ज्या कारखान्याने चांगले काम करून उत्सर्जन निम्म्यावर आणले त्याची मर्यादा कापली जाण्याची शक्यता, आणि ज्याने ती जवळपास भरून काढली त्याची शाबूत राहण्याची! आपल्याकडे सरकारी खात्यांत मार्च महिन्यात तरतूद ‘संपविण्या’ची जी धांदल उडते तिच्याशी या नियमाचे नाते स्पष्ट दिसते. कंपन्यांनी या पर्यायाचा अपेक्षेइतका स्वीकार केला नाही, त्यामागे मर्यादा खाली येण्याची ही भीतीही होती. कंपन्यांच्या अशा शंका दूर करण्यासाठी संघीय संस्थेने २०२० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

मोजणी

बुडबुड्याचे रूपक आकर्षक असले तरी वास्तवात वरचे ते एक छिद्र कोठेच नसते. मोठ्या कारखान्यात शेकडो धुराडी, झडपा, टाक्या आणि उघडी भांडी असतात. तेव्हा एकूण बेरीज ही मोजणीपेक्षा हिशेबाची बाब ठरते. संयंत्रव्यापी मर्यादेच्या नियमांत यासाठी चार पद्धती मान्य आहेत : द्रावक व रंग यांच्यासाठी द्रव्य-संतुलन, धुराड्यातील अखंड उत्सर्जन-मापन, यंत्राच्या कार्यस्थितीवरून अखंड अनुमान आणि उत्सर्जन-गुणक. द्रव्य-संतुलनाची पद्धत स्वयंपाकघरातील हिशेबासारखीच आहे. महिन्यात किती द्रावक आले, किती शिल्लक राहिले, याची वजाबाकी करायची. आणि जे वापरले गेले त्यातील बाष्पनशील भाग नष्ट केल्याचे दाखविता येत नसेल तर तो सर्व हवेत गेला असे मानायचे. पुरवठादाराने रसायनातील बाष्पनशील अंश अमुक ते अमुक टक्के असा सांगितला असेल तर त्यातील सर्वांत मोठा आकडा धरावा लागतो.

मर्यादेची तपासणी दरमहा होते. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस मागील १२ महिन्यांची बेरीज मर्यादेखाली असली पाहिजे. त्यामुळे डिसेंबरात वर्ष संपले की पाटी कोरी, असा प्रकार येथे चालत नाही. मापनयंत्र बंद पडले तर त्या कालावधीसाठी, अन्य मान्य पद्धत परवान्यात दिलेली नसल्यास, त्या यंत्राचे जास्तीत जास्त संभाव्य उत्सर्जन नोंदवावे लागते. हा नियम कठोर असला तरी योग्य आहे. मापनयंत्र नादुरुस्त राहण्यात कोणाचाही फायदा उरत नाही.

आगाऊ मंजुरी आणि २००९ चा नियम

लवचीकतेचा दुसरा प्रकार मर्यादेवर अवलंबून नसून पूर्वतयारीवर अवलंबून आहे. पुढील पाच वर्षांत कोणकोणते बदल संभवतात हे कारखान्याने अर्ज करतानाच सांगावे आणि प्रत्येक स्थितीत कोणती बंधने लागू होतील ते परवान्यात आधीच लिहून ठेवावे. ६ ऑक्टोबर २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या लवचीक वायू-परवाना नियमाने या व्यवस्थेला स्पष्ट चौकट दिली. त्यात दोन संज्ञा महत्त्वाच्या आहेत. ‘पर्यायी कार्यस्थिती’ म्हणजे कारखाना ज्या वेगवेगळ्या प्रकारे चालू शकतो त्यांची पूर्वमंजूर वर्णने. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना कारखान्याने त्याची नोंदवहीत त्याच वेळी नोंद करायची. ‘मान्य पुनरावर्तनीय कार्यपद्धती’ म्हणजे परवान्यात ठरावीक आकडा लिहिण्याऐवजी तो काढण्याचे सूत्र लिहिणे. नवी चाचणी झाली, आकडा बदलला, तरी सूत्र तेच राहत असल्याने परवाना दुरुस्त करावा लागत नाही. मात्र कोणीही तो हिशेब केला तरी उत्तर एकच आले पाहिजे, अशी अट आहे.

२००७ च्या मसुद्यात ‘हरित गट’ नावाची आणखी एक कल्पना होती. एकाच नियंत्रण-यंत्रणेला जोडलेल्या सर्व यंत्रांचा समूह एक घटक मानून त्यातील बदलांना दीर्घकाळ आगाऊ मंजुरी द्यावी, असा तो प्रस्ताव होता. अंतिम नियमातून तो वगळण्यात आला. २००९ चा नियम त्यामुळे प्रस्तावाच्या मानाने सौम्य झाला आणि बहुतांशी पूर्वीपासून शक्य असलेल्या गोष्टींनाच त्याने निश्चित नावे दिली. नियमाचे नाव मोठे आणि आशय मर्यादित, असे त्याचे वर्णन केल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

टेक्सासचा वाद

लवचीक परवान्याचा सर्वांत तीव्र संघर्ष टेक्सास राज्यात घडला. राज्याने १९९४ मध्ये स्वतःचा लवचीक परवाना कार्यक्रम सुरू केला होता. त्याचा आश्रय घेणाऱ्यांत तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगातील मोठे कारखाने होते. राज्याने हा कार्यक्रम मंजुरीसाठी संघीय संस्थेकडे पाठविला. संस्थेने वर्षानुवर्षे त्यावर निर्णयच दिला नाही. २०१० मध्ये तिने अखेर तो नामंजूर केला. एकत्रित मर्यादेमुळे कोणत्या यंत्राला कोणते बंधन लागू आहे हे ओळखता येत नाही, नोंदींची व्यवस्था अपुरी आहे आणि मोठ्या स्रोतांना संघीय पुनरावलोकन टाळण्याची वाट मिळते, अशी कारणे देण्यात आली. ज्या कारखान्यांनी सोळा वर्षे या परवान्यांवर काम केले त्यांचे परवाने एकाएकी संघीय दृष्टीने संशयास्पद ठरले.

टेक्सासने न्यायालयात धाव घेतली. पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने संघीय संस्थेचा निर्णय रद्द केला. संस्थेने दाखविलेली कारणे अधिनियमातील कसोट्यांवर टिकत नाहीत, आणि राज्यांना आपली पद्धत आखण्याचे जे स्वातंत्र्य कायद्याने दिले आहे त्यावर ती अतिक्रमण करतात, असे बहुमताचे मत होते. दरम्यान राज्यानेही आपले नियम सुधारले होते. २०१४ मध्ये संघीय संस्थेने या कार्यक्रमास सशर्त मान्यता दिली.

हा वाद केवळ केंद्र-राज्य संबंधांचा समजणे अपुरे ठरेल. तेलशुद्धीकरण कारखान्यालगतच्या वस्तीतील रहिवाशाला बेन्झिनच्या एका टाकीचा परवाना पाहावयाचा असेल, तर एकत्रित मर्यादेच्या दस्तऐवजात त्याला त्या टाकीपुरता आकडा सापडेलच असे नाही. एकूण बेरीज मर्यादेत असूनही कुंपणालगतच्या एका कोपऱ्यात उत्सर्जन एकवटू शकते. घातक वायूंसाठीची स्वतंत्र संघीय मानके लवचीक परवान्यातही लागू राहतात हे खरे. परंतु बाष्पनशील संयुगांच्या एकत्रित टनांत एक टन इथेनॉल आणि एक टन बेन्झिन यांचे वजन सारखेच भरते, हेही तितकेच खरे आहे. शिवाय सामान्य परवान्यात प्रत्येक मोठ्या दुरुस्तीच्या वेळी नागरिकाला बोलण्याची संधी मिळते. लवचीक परवान्यात ती संधी आरंभी एकदाच, सर्व संभाव्य बदलांसाठी एकत्रितपणे येते. पाच किंवा दहा वर्षांनी काय घडणार याची कल्पना मसुद्यावरून करणे तज्ज्ञालाही कठीण. मग सामान्य नागरिकाची गोष्ट दूरच राहिली.

भारतीय संदर्भ

भारतात हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २१ अन्वये राज्य मंडळाची संमती घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात उत्पादनांची नावे व त्यांची कमाल मात्रा नमूद असते. रसायन व औषध उद्योगांत एकाच संचावर आलटून-पालटून अनेक उत्पादने घेतली जात असल्याने उत्पादन-मिश्रण बदलाचा प्रश्न येथेही उभा राहतो. केंद्रीय मंत्रालयाने २०१६ मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत दुरुस्ती करून, प्रदूषणभार वाढत नसेल तर उत्पादन-मिश्रणातील बदलास नव्याने पूर्वमंजुरी लागणार नाही, अशी तरतूद केली. ‘एकूण भार वाढत नाही ना, एवढेच पाहा’ हा बुडबुड्याचाच विचार येथे वेगळ्या वाटेने आलेला दिसतो.

दोन्ही देशांतील एक मूलभूत फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकी संयंत्रव्यापी मर्यादा वर्षाला अमुक टन अशी असते. भारतीय मानके, विशेषतः कणरूप पदार्थांची, मुख्यतः संहतीच्या स्वरूपात म्हणजे प्रतिघनमीटर इतके मिलिग्रॅम अशी असतात. संहती मर्यादेत असूनही संच अधिक तास चालविल्यास वर्षाचा एकूण भार वाढतो, आणि संहतीच्या आकड्यावरून तो कळत नाही. त्यासाठी धुराड्यातील वायूचा प्रवाह आणि चालण्याचे तासही अखंड मोजावे लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रवर्गांतील उद्योगांना अखंड मापनयंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. संहतीऐवजी एकूण वस्तुमानावर बंधन घालण्याचा प्रत्यक्ष प्रयोग गुजरातमध्ये सुरत येथे २०१९ पासून झाला. तो परवान्यातील लवचीकतेचा नसून कारखान्यांमधील उत्सर्जन-व्यापाराचा आहे. परंतु तेथेही व्यवहार सुरू होण्यापूर्वी प्रत्येक धुराड्यावर मापनयंत्र बसविणे आणि त्याचे आकडे विश्वासार्ह आहेत याची पडताळणी करणे, हे काम आधी पूर्ण करावे लागले होते.